मातीचा फोटो निघत नाही

हमीदभाई, त्यांनी फ्लेक्सवर तुम्हाला कोट घातला. निळा कोट, लाल टाय, आणि चेहरा इतका गोरापान केला की लांबून मला वाटलं, कुणी नवा पुढारीच उगवला आहे. गालावरचे भट्टीच्या ठिणग्यांचे डागसुद्धा पुसून टाकले होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्यांच्या स्वप्नातून हे क्रीडांगण साकारलं'. तुमच्या शेजारी हात जोडलेले सरपंच आणि सगळ्यांच्या वर कंपनीचं चिन्ह, तुमच्या डोक्याच्या दुप्पट.

तुम्हाला जाऊन तेव्हा अकराच दिवस झाले होते. भट्टीच्या माळावर मांडव घातला होता. मी पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर शाल आणि नारळ. कंपनीचे साहेब माइकवर म्हणाले, "हमीदजी आज आपल्यात नाहीत, पण या मातीत ते आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शिसारी आली. त्या वाक्याची, त्या साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र बुटांची, माइकजवळ ताटकळणाऱ्या सरपंचांच्या हसऱ्या तोंडाची. आणि सगळ्यांत जास्त माझी स्वतःची. कारण त्या मातीत काय आहे ते मला नक्की ठाऊक होतं, आणि तरी मीही दोन टाळ्या वाजवल्या होत्या. मग हात शालीखाली लपवले.

तुमच्याशी बोलायचं ते याबद्दल. तुम्ही गेल्यावर लिहिते आहे, यातच माझा भित्रेपणा आला.

आपली ओळख झाली तीही किळस येऊनच. मी या गावात लग्न होऊन आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, त्या वर्षी तुम्ही पंचायतीकडून हा माळ भाड्याने घेतला होता. राहायला तुम्ही गावातच, लोणावळ्यात तुमचं भंगाराचं दुकान. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या तुम्ही इथं आणायचात, घणाने फोडायचात, आतलं ॲसिड तसंच जमिनीवर ओतायचात आणि आतल्या शिशाच्या पाट्या भट्टीत वितळवून विटा पाडायचात. मळवली स्टेशनवरून घरी येताना वारा अंगावर आला की तोंडात गोडसर, गंजल्यासारखी चव यायची. थुंकलं तरी जायची नाही. मी सासूबाईंना म्हणायची, "हा माणूस गावाला मारणार." त्या म्हणायच्या, "पंचायतीला भाडं भेटतं ना, मग कोन बोलतंय."

मग आमची चांदी म्हैस आजारी पडली. माळाच्या कडेला चरायची ती. आधी आंधळी झाली. मग दात खाऊ लागली, करकर, घरात सगळ्यांना ऐकू यायचं. शेवटी गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. दोन दिवस तशीच, जणू भिंत ढकलून पलीकडे जायचंय. वडगावहून डॉक्टर आले, त्यांनी माळाकडे बघितलं आणि म्हणाले, शिसं आहे, काही करता येणार नाही.

तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही आपणहून आलात. सासूबाई गोठ्याच्या दारात बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ये हमीद. बघ, तुजं काम कसं उभं ऱ्हायलंय."

तुम्ही बघितलंत. मग खिशातून पैसे काढून उंबऱ्यावर ठेवलेत. सासूबाईंनी ते उचलले आणि शेणाच्या पाटीत टाकले. तुम्ही खाली मान घालून गेलात. त्या महिन्यात भट्टी बंद झाली.

गावात अजून सांगतात की पोलिसांनी बंद केली. साफ खोटं. तेव्हाचे पंच तुमच्या घरी आले होते, भाडं बुडतं म्हणून. "जरा लांब सरकून चालू ठेव की," म्हणाले होते. हे तुम्हीच मला सांगितलंत, कितीतरी वर्षांनी, आणि सांगताना जमिनीवर थुंकलात. "माजी मला घाण वाटत व्हती बाई, पर त्या दिवशी त्यांची जास्त वाटली."

माळ तसाच पडून राहिला. त्यावर गवतही धड उगवेना. इकडे गावाची बाकी सपाट जमीन एकेक करून विकली गेली, तिथं बंगले आले, तरणतलाव आले, कुंपणं आली. शाळेच्या मागचं मैदानही गेलं. पोरं रस्त्यावर खेळू लागली, आणि शनिवार-रविवारी रस्त्यावर मुंबईच्या गाड्या. माझ्या वर्गातला एक मुलगा गाडीखाली येता येता वाचला. पाय मोडला, अजून लंगडतो. सपाट जागा म्हणून गावात एकच उरली होती, ती तुमची.

मी निवृत्त झाले त्या पावसाळ्यानंतर तुम्ही माझ्या ओसरीवर येऊन बसलात. चहाला हात लावला नाहीत.

"बाई, मला अर्ज लिवून पायजे."

"कसला?"

"माळाची माती काढायचीय. समदी. न्यायची जितं असली माती न्यायची असती तितं. मग पोरान्ला मैदान."

मी विचारलं, "पैसे कोण देणार?"

"त्याच्यासाटीच तर अर्ज."

खरं सांगते, तेव्हा मला तुमचा राग आला होता. म्हटलं, घाण करायची वेळ होती तेव्हा अर्ज नव्हता लागला. पण लिहायला बसले. पहिलंच वाक्य तुम्ही सांगितलंत, 'ही जमीन मी नासवली.' मी पेन थांबवलं. तुम्ही म्हणालात, "लिवा. तितनंच सुरू व्हतंय."

मग आपले वडगावचे हेलपाटे सुरू झाले. त्या बाकांचा वास मला अजून आठवतो. साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब बदलले. एका कारकुनाने अर्ज वाचला आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "ही जागा दूषित आहे असं कुठल्या कागदावर आहे?"

"कागदावर न्हाई. जमिनीत हाय," तुम्ही म्हणालात.

"मग कागदावर नसेल तर शुद्धीकरणाचा निधी कसा मागता? आणि चाचा, हे 'मी नासवली' वगैरे खोडा. उद्या तुमच्यावरच केस होईल."

"व्हऊ द्या की."

तो हसला. शेजारच्या टेबलावरच्यालाही त्याने वाचून दाखवलं, तोही हसला. हमीदभाई, चूक कबूल करणारा माणूस त्या कचेरीत विनोद ठरला. त्या दिवशी एसटीत बसल्यावर मला पहिल्यांदा तुमच्याबद्दल आदर वाटला. तुम्हाला सांगितलं नाही. आपलं नातंच तसं होतं, चांगलं काही तोंडावर बोलायचं नाही.

माती तपासून आणायलाही सरकारी पैसा मिळाला नाही. तुम्ही लोणावळ्याचं दुकान विकलंत. तुमच्या मुलांनी आकांत केला. थोरला माझ्यासमोर म्हणाला, "अब्बा, देशात एवढे लोक बॅटऱ्या फोडतात. कुणी माती परत उचलली का?" तुम्ही मातीचे नमुने पाठवलेत. तपासणी झाली, अहवाल आला, वाईट आला. उरलेल्या पैशांत तुम्ही माळावरच्या उंबराखालचा एक कोपरा रीतसर खणून घेतलात. माणसं तोंडाला फडकी बांधून पोती भरत होती, पोती शिवून ट्रकमध्ये चढत होती, घातक कचरा जिथं पुरतात तिथली पावती येत होती. एका वर्गाएवढा तुकडा साफ झाला, आणि पैसे संपले. अख्खं दुकान एका वर्गाएवढ्या जमिनीत गेलं. तुम्ही त्या खड्ड्यात चांगली माती पडताना बघत उभे होतात आणि म्हणालात, "आता कळलं, घाण करायला किती सस्तं पडलं व्हतं."

मग आपण कंपनीकडे गेलो, नफ्यातला काही पैसा त्यांना दरवर्षी समाजकामावर खर्च करावा लागतो असं ऐकून. काचेची इमारत, बाहेर कारंजं. साहेब तरुण होते, अदबीने बोलत होते, त्यामुळे जास्तच किळसवाणे. त्यांनी अहवाल चाळला, नकाशा बघितला आणि म्हणाले, "काका, भावना पोचल्या. पण खोदाई, वाहतूक, विल्हेवाट, सगळा पैसा यातच जाणार. यात दिसणारं काय आहे? वर्षअखेरीला मला फोटो लावावे लागतात. मातीचा फोटो निघत नाही हो. त्यापेक्षा आपण झोपाळे देऊ, घसरगुंडी देऊ, ओपन जिम देऊ, खाली छान ब्लॉक बसवू."

तुम्ही उठून उभे राहिलात. "साहेब, उकिरड्यावर सतरंजी हातरून पोरान्ला बसवता व्हय?"

परतीच्या लोकलमध्ये आपलं भांडण झालं. मी म्हटलं, घ्यावं जे देतात ते. ब्लॉक बसले तर माती झाकली तरी जाईल. तुम्ही म्हणालात, "तुमी वर्गात पोराचं गणित चुकलं तर खोडायला लावता का वरनं कागद डकवता?"

आणि मी बोलून गेले, "तुमचं पाप धुऊन निघेपर्यंत गावच्या पोरांनी रस्त्यावर मरायचं का?"

तुम्ही खिडकीकडे तोंड वळवलंत.  मळवलीला उतरताना नेहमीप्रमाणे माझी पिशवी घेतलीत, घरापर्यंत आणून दिलीत आणि गेलात. त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मागू, पुढच्या आठवड्यात मागू, असं करत राहिलं. आज मागते आहे, आणि आता मागण्यात काही अर्थ नाही हेही मला कळतं.

मग तुमची मूत्रपिंडं बिघडली. शिशामुळे, असं कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिलं नाही. तुम्ही मात्र म्हणालात, "माळानं हिसाब चुकता केला." तळेगावच्या दवाखान्यात तुम्ही पडून असतानाच कंपनीने अचानक होकार दिला. वर्ष संपत आलं होतं, पैसा खर्ची टाकायचा होता. मी भांडून कामाच्या यादीत पहिलंच कलम घालून घेतलं, 'दूषित माती काढून नेणे'. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

ठेकेदाराने तीन दिवसांत मातीचं काम उरकलं. मी रोज जात होते, म्हणून मला माहीत आहे. जेसीबीने वरवर खरवडलं, तो ढीग माळाच्याच टोकाला ओढ्याकडे सारला आणि सगळ्यावर लाल मुरूम ओतला. मग झोपाळे उभे केले, त्यांच्या कडेने ब्लॉक बसवले. एकही पोतं भरलं नाही. एकही ट्रक बाहेर गेला नाही. मी ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "मावशी, खाली कोण बघतंय?"

काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सरपंचांची सही हवी होती, ग्रामसेवकांची हवी होती आणि गावच्या एका प्रतिष्ठित नागरिकाची. ती मी. सरपंच कागद घेऊन घरी आले. "बाई, करून टाका. पोरांना झोपाळे मिळतात. आणि चाचा आता किती दिवसांचे? डोळे मिटायच्या आत त्यांना बघू दे की."

मी सही केली. तुमच्यासाठी केली असं मी स्वतःला सांगितलं. पोरांसाठी केली असंही सांगितलं. खरं असं आहे की मला वीट आला होता. त्या बाकांचा, अर्जांचा, तुमच्या हट्टाचा. मला ते संपवायचं होतं. चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं की न वाचता सही करू नये. मी वाचून केली, हमीदभाई. एकेक शब्द वाचून.

संध्याकाळी दवाखान्यात तुम्हाला मोबाइलवर फोटो दाखवला. लाल जमीन, पिवळे झोपाळे, मागे लोहगडाचा डोंगर. तुम्ही चष्मा मागितलात. मोबाइल डोळ्यांजवळ धरलात आणि विचारलंत, "माती कुटं नेली?"

मी म्हटलं, "तुम्ही नेली होती ना, तिथंच. सगळी."

तुम्ही डोळे मिटलेत. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

उद्घाटनाचं वर सांगितलंच. त्यानंतर मी माळाकडे फिरकले नाही. पोरांचा आरडाओरडा घरापर्यंत यायचा, तो ऐकून मी स्वतःची समजूत घालायची की वाईट काय झालं. दहा-बारा दिवसांनी सविताच्या मुलीला शोधायला म्हणून गेले. सविता तुम्हाला आठवेल, वरच्या बंगल्याची देखभाल करते ती. ती संध्याकाळपर्यंत कामावर, म्हणून मुलगी माझ्याकडे असते. मुलगी झोपाळ्याच्या कडेला ब्लॉकवर लंगडीचे चौकोन आखत होती. करड्या, चकचकीत रेघा. मी विचारलं, "खडू कुठून आणलास?" तिने मूठ उघडून दाखवली. शिशाचा गोळा होता, सुपारीएवढा.

"हितंच घावतात बाई. मुरूम उकरला की लय निघतात." आणि रेघ ठळक उमटावी म्हणून तिने तो जिभेला लावून ओला केला.

मी तिचं तोंड नळाखाली धरलं, बोटं घालून धुतलं. ती घाबरून रडायला लागली. मग मी तिथंच, त्या सुंदर ब्लॉकवर, ओकले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या लोकलने वडगाव गाठलं. कारकून नवा होता. म्हणाला, "बाई, दिलेली सही मागे घेता येत नाही."

"मग नवा कागद घ्या. मी खोटं लिहून दिलं, असा."

"असं कुणी देतं का?"

"एकाने दिलं होतं. तुमच्याकडे फायलीत असेल," मी म्हटलं.

आता जे झालं ते ऐका. ज्या कचेरीला तुमच्या कबुलीने हसू आलं, ती माझ्या कबुलीने हलली, कारण माझ्या कागदाखाली सरकारी दाखला होता आणि तो खोटा ठरला तर कुणाची तरी नोकरी जाणार होती. साहेब आले, मातीचे नमुने नेले, फाटकाला कुलूप घातलं, पाटी लावली. तुम्ही सहा वर्षं मागत होतात तो कागद आता आहे. माळ दूषित आहे असं सरकारने लिहिलं आहे. कंपनीने एका रात्रीत आपला फलक उतरवून नेला. तुमचा फ्लेक्स मात्र राहू दिला.

ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "बाईंनी गावाची बदनामी केली." बरेच जण ओरडले. ज्यांना मी अक्षरं गिरवायला शिकवली ते ओरडले, त्याचं मला काही वाटलं नाही. मग सविता उठली. ती ओरडली नाही.

"बाई, तुमाला म्हाईत व्हतं. माजी पोर रोज तितं जायची, तुमच्याच घरनं जायची. तुमी तवाच का न्हाई बोलला?"

मी उठून उभी राहिले.  ती पुढे म्हणाली, "आता माज्यासंगं चला. घरोघर. तुमच्या तोंडानं सांगा."

आम्ही गेलो. प्रत्येक उंबऱ्यावर मी सांगितलं, मी खोटी सही केली, तुमच्या मुलाचं रक्त तपासून घ्या. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. मुलांना दोन गाड्यांतून तळेगावला नेलं. काहींच्या रक्तात शिसं निघालं, सविताच्या मुलीच्याही. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, आता त्या जागेपासून लांब ठेवा, हळूहळू उतरेल. पुन्हा तपासायला न्यायचं आहे. मीच नेणार आहे. माळ खणायला पैसे कोण देणार, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. फाईल मात्र आहे, आणि तिच्यातला पहिला कागद तुमचा आहे. त्यातलं ते वाक्य मी खोडू दिलं नाही.

शेवटचं घर तुमचं होतं. जैनबभाभी तांदूळ निवडत बसल्या होत्या. सविता बाहेरच थांबली. मी भाभींना सगळं सांगितलं, दवाखान्यातलंही. फोटो, तुमचा प्रश्न, माझं उत्तर. त्या ऐकत राहिल्या, हात थांबला नाही. मला वाटलं होतं त्या म्हणतील, 'त्यांना समजलं होतं, बाई, ते तुमचा चेहरा वाचायचे.' तेवढं ऐकायला मिळालं असतं तर मी सुटले असते.

त्या म्हणाल्या, "त्यान्ला खरं वाटलं व्हतं. लय खुश व्हते. दोन दिस येईल त्या नर्सला सांगत व्हते, माज्या गावची माती साफ झाली म्हनून. शेजारच्या खाटंवरच्याला सांगितलं. जेवन जात नव्हतं, तर त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमी हे मला नव्हतं सांगायचं, बाई."

मी उठले. बाहेर येऊन सविताबरोबर चालू लागले.  

हमीदभाई, तुम्ही ती अर्धी भाकरी माझ्या खोट्यावर खाल्लीत.